सव्वा किलोचा दालचा

हरभऱ्याची डाळ पहाटेपासून पाण्यात आहे. चाची परातीत हात घालून एक दाणा उचलतात, नखाने चिमटतात. दाणा तुटतो, पण मधोमध अजून पांढरा, कोरडा ठिपका दिसतो. "अजून अर्धा तास," म्हणत त्या परात पुन्हा झाकतात. ही गेल्या उन्हाळ्यातली डाळ. यंदाचा हरभरा बांधापलीकडे हिरवागार उभा आहे, घाटे आत्ता कुठे भरताहेत. डाळ कोठीत जितकी जुनी होते तितकी शिजायला हट्टी होते, म्हणून तिला आधी भिजत घालायचं. तुरीला त्याची गरज नाही. ती नुकतीच झोडून, भरडून आणलेली आहे. डब्याचं झाकण काढलं की नव्या डाळीचा गोडसर वास येतो. दोन वाट्या हरभऱ्याची, एक वाटी तुरीची आणि वर मूठभर मसूर.

"मसूर कशाला, चाची?"

"मसूर विरघळते. बाकीच्या दोघींना धरून ठेवते."

जानेवारीतला रविवार आहे, सकाळचे नऊ वाजलेत आणि वरवंडच्या मळ्यातल्या या घरापुढे ऊन अजून हवंहवंसं आहे. पुणे-सोलापूर महामार्ग इथून दिसत नाही, ऐकू मात्र सतत येतो. अधूनमधून त्या आवाजात गाण्याचा एक तुकडा मिसळतो: दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून पाटसच्या कारखान्याकडे निघालेला असतो. कुठल्यातरी गुऱ्हाळात रस कढतो आहे, त्याचा जड वास वाऱ्याबरोबर येतो आणि जातो. दौंड तालुक्यात या दिवसांत जिकडेतिकडे हाच वास.

आज मटण-डाळीचा दालचा आहे, त्याला कारण ऊसच. शेजारच्या काकूंचा ऊस तीन दिवसांपासून तुटतो आहे. ऊसतोडीची टोळी मिळाली आणि तुऱ्यावर आलेला ऊस वेळेत कारखान्याला जातोय म्हणताना काकूंच्या जिवातला घोर गेला. चाचींनीच त्यांना काल सांगितलं, "उद्या चूल पेटवू नका, सगळे इकडेच या." काकूंच्या घरची पाच, चाचींच्या घरची सहा, दौंडहून चाचींचे भाऊ-भावजय, आणि मी. चौदा माणसं. मटण सव्वा किलो. किलोला सात-आठशे रुपये मोजायचे दिवस आहेत. चौदा जणांना नुसता रस्सा करायचा तर अडीच-तीन किलो आणावं लागेल. दालच्याला तेवढं लागत नाही. मी इथे सकाळपासून चुलीशेजारी पाटावर बसले आहे ती हेच बघायला: सव्वा किलो चौदा जणांना पुरतं कसं, आणि कुणालाही कमी पडल्यासारखं का वाटत नाही.

चाचींचा मुलगा मोटारसायकल लावतो आणि पिशवी आत देतो. चौफुल्याच्या बाजूला गेला होता. पिशवीत बोल्हाईचं मटण आहे. पुण्याबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. हवेली तालुक्यात वाडेबोल्हाईला बोल्हाई देवीचं ठाणं आहे. तिला मानणाऱ्या घरांत बोकड चालत नाही, मेंढी चालते. म्हणून पुणे-नगर-सोलापूरच्या रस्त्यांवर मेंढीचं मटण विकणाऱ्या दुकानांच्या पाट्यांवर सरळ 'बोल्हाईचे मटण' असंच लिहिलेलं असतं आणि गिऱ्हाइकाला काय मिळणार ते कळतं. काकूंच्या घरी बोल्हाई आहे. चाचींना दोन्ही चालतं, त्यांच्या घरी एरवी बोकडाचंच येतं. पण काकू पंगतीला असल्या की मेंढीच. हे कुणी कुणाला बजावत नाही. मुलाला पिशवी देताना चाची फक्त "काकू आहेत रे," एवढंच म्हणाल्या होत्या.

चाचींचे सासरे गावचे मुलाणी. जत्रेचा, नवसाचा बोकड असो, मेंढा असो, सुरी फिरवायला त्यांना बोलावणं यायचं आणि मगच ते मटण मराठ्यांच्या, माळ्यांच्या चुलीवर चढायचं. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ सालच्या 'गाव-गाडा'त सुतार-लोहारांच्या जोडीने या मुलाण्याचीही नोंद आहे. शहरातल्या वर्तमानपत्रांत कोण काय खातो यावर वाद रंगतात तेव्हा मला हटकून ही गावातली रीत आठवते. एकाच्या देवीचा नवस दुसऱ्याच्या कलम्याने पुरा व्हायचा आणि दोघांनाही त्यात वावगं काही दिसायचं नाही. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांनी एकदा तरी अशा घरात येऊन बसावं, असं मला मनापासून वाटतं.

चाची मटण परातीत पसरतात आणि तुकडे बघतात. नळी आहे, सीना आहे, मानेचे तुकडे आहेत. मांडीचा लुसलुशीत भाग जवळपास नाहीच.

"मांडी नको सांगितलं होतं मी. दालच्याला हाडच पाहिजे. नुसत्या मासाचा दालचा म्हणजे डाळीत टाकलेलं मटण. हाडातून जे उतरतं ना, ते डाळीला लागतं."

हाडाला चिकटलेली चिवट पांढरी जाळी मंद आचेवर तास-दीड तासाने विरघळते आणि रश्शाला अंगचा दाटपणा येतो. बोटांना चिकटतो तो हाच. मान आणि सीना यांत ती जास्त असते. हे तुकडे मांडीपेक्षा उशिरा शिजतात, पण वेळ दिलात तर चवीला वरचढ ठरतात. सव्वा किलो मटणाची चव पाच-सहा लिटर डाळीत पोचते ती या वाटेने.

तेवढ्यात सूनबाई वीस लिटरचा पाण्याचा जार आत आणून ठेवते. गावातल्या फिल्टरचं पाणी. नळ आहे, दारात बोअर आहे, तरी डाळीसाठी हे पाणी विकत आणतात. चाची म्हणतात, "बोअरच्या पाण्यात डाळ घातली की संपलं. शिट्ट्यांवर शिट्ट्या घ्या, दाणा तसाच. वर पांढरी साय येते ती वेगळीच." पाणी जड आहे. त्यातला चुना डाळीच्या दाण्याला बांधून ठेवणाऱ्या द्रव्याला धरून बसतो आणि ते सुटतच नाही. खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी दौंडपर्यंत येतं, गावचा इंग्रजांच्या काळातला व्हिक्टोरिया तलाव त्यावर भरतो, त्याच पाण्यावर हा सगळा ऊस उभा आहे. पण जमिनीखालचं पाणी डाळ शिजवण्याच्या कामाचं राहिलेलं नाही. कूपनलिकांच्या गावात राहणाऱ्या प्रत्येक बाईला हे शास्त्र कुकरने शिकवलेलं आहे.

डाळ आता तयार आहे. दाणा नखाखाली सरळ दुभंगतो. तिन्ही डाळी एकत्र करून, हळद आणि चमचाभर तेल घालून सूनबाई कुकर गॅसवर चढवते. मीठ नाही, आंबट तर अजिबातच नाही.

बाहेर, पत्र्याच्या छपराखाली, चूल. खाली तुराट्यांचा जाळ, वर वेड्या बाभळीची दोन जाड लाकडं. तुराटी भडकन पेटते आणि तशीच विझते. बाभूळ उशिरा धरते पण मग निखारा सोडत नाही. चाचींनी ओल्या मातीने बाहेरून लिंपलेलं मोठं पातेलं चढवलं आहे. त्यात तेल, आणि तेल तापल्यावर दालचिनी, चार-पाच लवंगा, वेलदोडे, शहाजिरं. मग कांदा. कांद्यावर त्या घाई करत नाहीत. तो आधी मऊ पडतो, मग कडेने पिवळा, मग तांबूस होतो. सून झारा जोरात फिरवायला लागते तशा चाची आतल्या घरगुती बोलीत म्हणतात, "जल्दी नक्को बेटा, कांदा जलेगा." सुनेचा हात मंदावतो.

आलं-लसणाचं वाटण नेहमीपेक्षा जास्त आहे. मेंढीच्या मटणाला चरबी अधिक आणि वासही अधिक. तो वास मोडायचा नाही, वळवायचा. वाटण कांद्यात पडतं, चर्र होतं, कच्चा वास उठतो आणि हळूहळू बसतो. मग मटण. तुकडे आधी पाणी सोडतात, पातेल्यात चांगलं बोट-दीड बोट पाणी जमतं. ते पूर्ण आटेपर्यंत चाची परतत राहतात. पाणी आटलं की आवाज बदलतो. आतापर्यंतची रटरट जाऊन तळल्याची तडतड सुरू होते आणि चरबी सुटून कडेला चकाकायला लागते. "आता," चाची म्हणतात. हा एक शब्द त्या आवाजावरून म्हणतात, पातेल्यात त्यांनी पाहिलेलंही नसतं. तिखट, धने-जिऱ्याची पूड, थोडा घरचा कांदा-लसूण मसाला, मीठ. पुन्हा दोन मिनिटं परतणं. मग आधणाचं पाणी आणि वर ताट. ताटातही पाणी.

इथून तास-दीड तास काही करायचं नसतं. मला हा वेळ फार आवडतो. चाची दुधी घेऊन बसतात. कुंपणावर चढलेला वेल आहे, त्याचा हा हातभर लांब दुधी. सोलण्याआधी त्या एका टोकाची चकती कापून जिभेला लावतात.

"कडू निघाला तर?"

"तर गायीलापण द्यायचा नाही. फेकायचा." कडू दुधी पोटात गेल्याने माणसं दवाखान्यात गेल्याच्या, दगावल्याच्याही बातम्या खऱ्या आहेत, शिजवून तो कडूपणा जात नाही. हा गोड आहे. सालं निघतात, फोडी मोठ्या होतात, जवळजवळ लिंबाएवढ्या. लहान केल्या तर डाळीत हरवतात.

ओट्यापलीकडच्या फळीवर आणखी एक मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं पालथं घातलेलं आहे. ते आज का काढलं नाही, मी विचारते. चाची दुधी कापता कापताच सांगतात. ते वारकऱ्यांचं. तुकोबांची पालखी यवतहून निघाली की पुढचा मुक्काम वरवंडला. त्या दिवशी आख्खं गाव रस्त्यावर असतं, विठ्ठल-रखुमाईच्या देवळापासून महामार्गापर्यंत माणूसच माणूस, आणि या मळ्यातही दिंड्या उतरतात. त्या पातेल्यात चहा होतो, पोहे होतात. "त्यात आम्ही कधी वशाट करत नाही. सासूबाईंनी घेतलेलं आहे ते." मग सुनेला, "बेटा, आँच कम कर," आणि पुन्हा दुधी. त्यांच्या दृष्टीने यात सांगण्यासारखं एवढंच होतं. मला मात्र ते पालथं पातेलं दिवसभर दिसत राहतं.

साडेअकराला दौंडहून चाचींचे भाऊ-भावजय येतात. भावजय सोलापूरकडच्या. पातेल्याचं ताट उचलून वास घेतात आणि विचारतात, "वांगं नाही घालत?" वाद लगेच सुरू होतो, आणि दोघीही अगदी मनापासून भांडतात. भावजयीच्या माहेरी दालच्यात दुधीबरोबर वांगंही पडतं आणि चिंच दुप्पट. तिकडे आणि पुढे मराठवाड्यात लग्नाच्या पंगतीला दालचा आणि खड्या मसाल्याचा भात मोठमोठ्या देगांत होतो. हैदराबादेत तो बगारा भाताबरोबर वाढतात, तमिळनाडूत मुसलमानांच्या लग्नात बिर्याणीच्या शेजारी. तिथून गेलेल्या लोकांबरोबर तो मलेशियापर्यंत पोचला आणि तिथेही भातावर ओततात. पारशांचं धनसाक याच घराण्यातलं, पण त्यांच्याकडे घरात मृत्यू झाला की चौथ्या दिवशी शाकाहार सोडताना ते करायची रीत, म्हणून शुभकार्याला करत नाहीत. इराणात मटण आणि चण्याच्या डाळीचं गैमे करतात, मोरोक्कोत मसूर, छोले आणि मटणाच्या हरिरा सूपवर रोजे सोडतात. जिथे जिथे मांस महाग आणि खाणारी तोंडं जास्त, तिथे तिथे बायकांनी डाळीचा हात धरलेला दिसतो. मला हा शोध कुठल्याही शाही पाककृतीपेक्षा मोठा वाटतो. बादशहाच्या मुदपाकखान्यात मटणाला काय तोटा? शहाणपण तिथे लागतं जिथे सव्वा किलो आहे आणि माणसं चौदा.

कुकर उघडतो. तुरीचं आणि मसुरीचं पीठ झालं आहे, हरभऱ्याचे दाणे मात्र दिसताहेत, दाबले की लोणी. चाची रवी घेतात आणि पाच-सहा वेळाच फिरवतात. सगळं घोटून गुळगुळीत करायचं नाही. दाताखाली अर्धा दाणा यायला हवा. भावजयींचंही यावर एकमत आहे.

चुलीवरचं मटण त्या पळीने उचलून बघतात. मांस हाडावरून सरकायला लागलं आहे, पण सुटलेलं नाही. हीच वेळ. याआधी डाळ घातली तर ती खाली बसते, करपते आणि मटण कच्चं राहतं. उशिरा घातली तर दोन्ही एका पातेल्यात राहूनही परकी राहतात. डाळ ओतली जाते. लाल तर्रीवर पिवळा लोट पसरतो, बुडतो, आणि दोनतीन वेळा ढवळल्यावर सगळ्याचा रंग नव्या विटेसारखा होतो. मग दुधीच्या फोडी, पुदिना, कढीपत्ता, चिरलेल्या दोन हिरव्या मिरच्या. आता कुणीतरी सतत पातेल्यापाशी हवं, कारण डाळ तळ धरते. सून आणि मी आळीपाळीने ढवळतो. फुटणारे बुडबुडे हातावर उडतात आणि चांगलेच चटके देतात.

चिंचेचा कोळ सगळ्यात शेवटी. चाची तीनदा विचारून खात्री करून घेतात: दुधीत सुरी जाते का? दाणा मऊ आहे का? मटण सुटलं का? तिन्हींना हो आल्यावरच वाटी हातात घेतात. आंबट पडलं की डाळ आणि भाजी जिथे असेल तिथे थांबते, पुढे शिजत नाही. सकाळपासून आंबट दूर ठेवलं ते याचसाठी. कोळ थोडाथोडा जातो, दर वेळी ढवळून तळहातावर थेंब घेऊन चव बघितली जाते. तिसऱ्या खेपेला चाची थांबतात आणि तळहात भावजयींपुढे धरतात.

"अजून थोडी," भावजय.

"तुमच्या सोलापुराला."

पण अर्धा चमचा घालतात.

त्याच वेळी काकू येतात. डोक्यावर पदर, हातात टोपल्यात झाकलेल्या बाजरीच्या भाकरी. भात इथे शिजतोच आहे, पण थंडीत भाकरीशिवाय त्यांच्या घरच्यांचं जेवण होत नाही. टेकायच्या आधीच म्हणतात, "भाभी, टोळी अजून रानातच आहे. शेवटची ट्रॉली भरायची राहिलीय. संध्याकाळ होईल म्हणतात." बीडकडची माणसं आहेत, बायकामुलांसकट आठ-नऊ जण. पहाटे भाकरी बांधून घेऊन गेलेत.

चाची पातेल्यात बघतात. मग सुनेला दुसऱ्या चुलीवरचं आधण आणायला सांगतात. दोन तांबे उकळतं पाणी जातं, गार पाणी घातलं असतं तर डाळ आणि तर्री वेगळी झाली असती. कुकरच्या तळाशी मागे ठेवलेली वाटीभर डाळ जाते, मीठ जातं. एक उकळी. फोडणी त्या आता दुपटीने करतात: तेल, जिरं, सुक्या लाल मिरच्या, ठेचलेल्या लसणाच्या पंधरा-वीस पाकळ्या, कढीपत्ता. लसूण बदामी झाल्याबरोबर कढलं पातेल्यावर उपडं होतं, ताट झाकलं जातं आणि आत जो आवाज कोंडतो त्याने दारातली मांजर पळते. पाच मिनिटं ताट काढायचं नाही. मग कोथिंबीर.

मी चव बघते. दोन तांबे पाण्याने काहीही बिघडलेलं नाही. आधी डाळीचा गोडवा, मग मटणाचा जडपणा, शेवटी चिंच येऊन जीभ धुऊन काढते आणि लगेच दुसरा घास हवा होतो. रस्सा असता तर तांब्याभर पाण्यानेही तो पाणचट झाला असता. डाळीने पाणी रिचवलं, हाडांनी चव टिकवली.

पहिली बरणी टोळीसाठी भरली जाते, पाच लिटरची. चाची पळी तळापासून घालतात, वरवरची डाळ देत नाहीत. तुकडे बरणीत पडल्याचा आवाज ऐकू येतो. काकूंचा मुलगा ती आणि भाकरीचं अर्धं टोपलं मोटारसायकलवर घेऊन रानाकडे जातो.

मग पंगत. अंगणातच चटया. पुरुषांनी भातावर दालचा घेतला आहे. काकू आणि काकूंचे सासरे ताटात भाकरी कुस्करतात, वर दालचा ओतवून घेतात आणि काला करून पाच बोटांनी खातात. कांदा बुक्कीने फोडलेला, लिंबू कुणी घेत नाही, चिंच पुरेशी आहे. कुणाच्या ताटात तीन तुकडे आहेत, कुणाच्या एक, आणि कुणीही दुसऱ्याच्या ताटाकडे बघत नाही. नुसत्या रश्शाच्या पंगतीत वाढणाऱ्याला तुकडे मोजून टाकावे लागतात आणि खाणाऱ्यालाही ते कळत असतं. इथे मटण प्रत्येक घासात आहे.

भांडण होतं ते फक्त नळीवरून. पातेल्यात चारच होत्या. एक आजोबांना गेली, एक पाहुण्यांना, आणि उरलेल्या दोन्हींवर चाचींच्या नातवाने हक्क सांगितला आहे. काकूंची नात त्याच्या ताटातली एक सरळ उचलते. तो ओरडतो. चाची वाढता वाढता निकाल देतात, "तिची आहे ती. तू मागच्या वेळी तीन खाल्ल्यास." पोरगी नळी ताटाच्या कडेवर उभी धरून ठोकायला लागते, ठण् ठण्, मगज काही निघत नाही, शेवटी तो पोरगाच वैतागून ती हिसकावतो, दगडी उंबऱ्यावर दोन दणके देतो, तिच्या भाताच्या ढिगावर मगज पाडतो आणि मोकळी नळी स्वतः चोखत बसतो.